चित्राखालची तारीख

निर्मल हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते लाकडी खेळण्यांमुळे आणि निर्मल शैलीच्या चित्रांमुळे. गोदावरीच्या उत्तरेला, सातमाळ्याच्या डोंगररांगेत, नागपूर–हैदराबाद महामार्गावर ते वसले आहे. २०१६ मध्ये आदिलाबादपासून वेगळा झालेला जिल्हा त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि त्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या मुधोळ, भैंसा भागात मराठी घरांतून बोलली जाते. दूरच्या सर्पिल दीर्घिका पाहणे आणि त्यांची छायाचित्रे घेणे या विषयाची ओळख करून देताना पुण्यापासून किंवा चिलीतल्या पर्वतशिखरांपासून सुरुवात करण्याची रीत आहे. या पुस्तकाने निर्मलपासून सुरुवात केली आहे, त्याला कारण आहे. या गावाचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आणि रेखांश सुमारे ७८ अंश पूर्व. हे दोन आकडे दीर्घिकांच्या निरीक्षणाला किती उपयोगी आहेत, हे पुढे येईलच. त्याआधी या प्रस्तावनेचे म्हणणे थोडक्यात मांडतो: दीर्घिकेच्या छायाचित्राचे खरे मोल त्याच्या देखणेपणापेक्षा त्याच्या नोंदीत असते. ते केव्हा घेतले, कुठून घेतले, कोणत्या साधनाने घेतले, हे लिहून ठेवलेले साधे चित्र नोंद नसलेल्या सुंदर चित्रापेक्षा जास्त काळ कामाला येते. हे एकदा मान्य केले, की अवाढव्य दुर्बिणींच्या काळात लहान गावातल्या लहान दुर्बिणीने काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर आपोआप बदलते.

सर्पिल दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांची फिरती चकती. मधोमध जुन्या, पिवळसर ताऱ्यांचा फुगवटा आणि त्याभोवती वळत गेलेल्या भुजा. या भुजांमध्ये नवे तारे जन्मत असतात. त्यांतले मोठे आणि तापलेले तारे निळे दिसतात, म्हणून चांगल्या छायाचित्रात भुजा निळसर आणि मध्य पिवळा दिसतो. आपली आकाशगंगाही अशीच एक सर्पिल दीर्घिका आहे. दीर्घिकांचा हा आकार सुमारे १८० वर्षांपूर्वीपर्यंत कुणाला ठाऊक नव्हता. १८४५ मध्ये आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून श्यामशबल तारकासमूहातील एम ५१ पाहिली आणि तिच्या भोवऱ्यासारख्या वळणांचे चित्र हाताने काढले. दुर्बीण त्या काळातली सर्वांत मोठी होती, नजर तयार होती, तरी रेखाटनाची एक अडचण होती: पाहणाऱ्याच्या डोळ्याने काय पाहिले आणि हाताने काय भरले, हे नंतरच्या कुणालाही वेगळे काढता येत नव्हते. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्‌स यांनी २० इंची आरशाच्या दुर्बिणीवर छायाचित्रणाची काच लावून देवयानीतील मोठ्या दीर्घिकेचे, म्हणजे एम ३१ चे, दीर्घ प्रकाशन देऊन छायाचित्र घेतले आणि तिची वळणे कागदावर आली. रॉबर्ट्‌स यांना मात्र त्यात एक नवी सूर्यमाला घडताना दिसली. चित्र बरोबर होते, त्याचा अर्थ चुकला होता. पण चित्र शिल्लक राहिले, म्हणून अर्थ पुढे दुरुस्त करता आला. छायाचित्रणाने खगोलशास्त्राला दिलेली पहिली मोठी सोय हीच.

या सोयीची कसोटी पुढच्या पन्नासएक वर्षांत लागली. माउंट विल्सन वेधशाळेतील आद्रियान व्हान मानेन यांनी १९१६ मध्ये एम १०१ च्या निरनिराळ्या वर्षी घेतलेल्या काचा मोजून ही दीर्घिका फिरताना दिसते, असा निष्कर्ष काढला. ती खरोखर इतक्या वेगाने फिरत असेल, तर ती फार दूर असणे शक्य नव्हते. नाहीतर तिच्या कडेचे तारे प्रकाशापेक्षा वेगाने धावावे लागले असते. दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत का, यावर १९२० मध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांच्यात झालेल्या प्रसिद्ध वादात नाही म्हणणाऱ्या शॅप्ली यांच्या बाजूला या मोजमापाचे मोठे बळ होते. माउंट विल्सनलाच एडविन हबल यांनी ऑक्टोबर १९२३ मध्ये एम ३१ ची एक काच घेतली. त्यातला एक ठिपका त्यांना आधी नवतारा वाटला. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर तो कमी-जास्त तेजस्वी होणारा सेफीड रूपविकारी तारा निघाला. त्याचा आवर्तकाल ३१ दिवसांच्या आसपास होता. सेफीड ताऱ्याचा आवर्तकाल आणि त्याचे खरे तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये हार्वर्डच्या काचांवरून दाखवलेला होता. त्यावरून हबल यांनी एम ३१ चे अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे काढले आणि दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहेत, हे ठरले. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफीडांचे दोन प्रकार वेगळे केले आणि ते अंतर दुपटीहून अधिक वाढले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. व्हान मानेन यांचे मोजमाप चुकीचे होते, हे हबल यांनी १९३५ मध्ये त्याच दीर्घिकांच्या काचा पुन्हा मोजून दाखवले. दोन्ही बाजूंचा पुरावा काचांचाच होता. एका बाजूची चूक पकडता आली आणि दुसऱ्या बाजूचा आकडा सुधारता आला, कारण प्रत्येक काचेवर तारीख होती आणि काचा सांभाळून ठेवल्या होत्या.

याच प्रकारच्या कामाचे एक उदाहरण निर्मलच्या राज्याच्या राजधानीत घडले आहे. निर्मल निजामाच्या राज्यात होते, तेव्हा हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये १५ इंची ग्रब दुर्बीण मागवून वेधशाळा उभी केली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती राज्य सरकारने ताब्यात घेतली आणि निजामिया वेधशाळा म्हणून ती नावारूपाला आली. १९१९ पासून ती उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. साऱ्या आकाशाचे छायाचित्रांवरून तारकापत्रक करण्याचा जो प्रकल्प १८८७ मध्ये पॅरिसला ठरला होता, त्यात हैदराबादला दक्षिण क्रांती (म्हणजे आकाशातला अक्षांश) १७ ते २३ अंशांचा पट्टा मिळाला. तो आधी चिलीतल्या सांतियागोला नेमून दिलेला होता. १९१४ पासून रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली ८ इंची दुर्बिणीवर काचा घेणे, त्यांवरच्या ताऱ्यांची स्थाने मोजणे आणि खंडामागून खंड छापणे हे काम वर्षानुवर्षे चालू राहिले. नंतर उत्तरेकडचा आणखी एक पट्टाही हैदराबादने पुरा केला. हाताने मोजलेल्या ताऱ्यांची संख्या साडेसात लाखांच्या पुढे गेली. त्या काळात या कामाला कुणी क्रांतिकारक म्हटले नाही. साऱ्या जगात तो प्रकल्प रेंगाळला आणि पुष्कळांना तो वाया गेल्यासारखा वाटला. मग हिप्पार्कोस उपग्रहाची मोजमापे हाती आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ तारकापत्रकात सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगती, म्हणजे आकाशात सरकण्याच्या त्यांच्या स्वतःच्या गती, दिल्या आहेत, आणि त्या काढताना जुन्या स्थानांचा आधार म्हणून याच प्रकल्पाची तारकापत्रके वापरली गेली. हैदराबादच्या माणसांनी घेतलेले कष्ट ऐंशी वर्षांनी वसूल झाले. योगायोगाने त्यांच्या दक्षिण पट्ट्यात एनजीसी २४७ ही तिमिंगल तारकासमूहातील सर्पिल दीर्घिकाही येते, आणि निर्मलहून ती आज ५० अंशांच्या उंचीपर्यंत चढते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आज अंतराळात हबल आणि जेम्स वेब दुर्बिणी आहेत. चिलीत व्हेरा रुबिन वेधशाळा दर काही रात्रींनी अर्धे आकाश पुन्हा पुन्हा टिपण्यासाठी उभी राहिली आहे. कॅलिफोर्नियातले स्वयंचलित सर्वेक्षण रोज रात्री हजारो बदल नोंदवते. अशा वेळी आठ-दहा इंची आरशातून घेतलेल्या चित्राला कोण विचारतो? उत्तर आधी क्षेत्राचे. एम ३१ आकाशात सुमारे ३ अंश लांब पसरलेली आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडावेत एवढी. हबल दुर्बिणीने तिचे जे मोठे जोडचित्र जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यासाठी ६०० हून अधिक ठिकाणी रोख धरावा लागला आणि दहा वर्षांहून जास्त काळ लागला. मोठी दुर्बीण खोल पाहते, पण अरुंद पाहते. दुसरे उत्तर अक्षांशाचे. रुबिन वेधशाळा ३० अंश दक्षिणेला आहे. तिथून एम ५१ जेमतेम १३ अंश वर येते, एम १०१ तर क्षितिजाला चिकटूनच राहते. दोन्ही तिच्या नियमित सर्वेक्षणाच्या हद्दीबाहेर आहेत. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उत्तर रेखांशाचे. चिली आणि निर्मल यांच्या वेळेत सुमारे दहा तासांचे अंतर आहे, कॅलिफोर्निया तर जवळपास पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. त्यांची रात्र तो आपला दिवस. एखाद्या दीर्घिकेत तारा फुटला आणि पहिले काही तास महत्त्वाचे असले, तर कोणत्या देशात तेव्हा अंधार आहे, यावर सारे अवलंबून असते.

हे निव्वळ अनुमान नाही. १९ मे २०२३ रोजी जागतिक वेळेनुसार सायंकाळी साडेपाचच्या सुमारास जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ मध्ये एक नवा तेजस्वी बिंदू दिसला. तो अतिनवतारा एसएन २०२३आयएक्सएफ. त्या वेळी चिलीत आणि कॅलिफोर्नियात दिवस होता, युरोपात अजून अंधारले नव्हते. निर्मलमध्ये रात्रीचे अकरा वाजत आले होते आणि एम १०१ उत्तर आकाशात ५० अंशांहून उंच, याम्योत्तर वृत्ताच्या अगदी जवळ होती. त्या रात्री ढग नसलेल्या तेलंगणातल्या कोणत्याही अंगणातून तो शोध शक्य होता. शोधानंतर शास्त्रज्ञांनी केले काय, तर आधीच्या एक-दोन रात्री जगभरच्या हौशी लोकांनी सहज म्हणून घेतलेली एम १०१ ची चित्रे गोळा केली आणि स्फोटाची वेळ काही तासांच्या अचूकतेने बसवली. ज्यांच्या चित्रांवर वेळ होती, त्यांची चित्रे पुरावा ठरली. २० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातील रोझारिओ येथे व्हिक्टर बुसो आपल्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होते. त्यांनी एनजीसी ६१३ या सर्पिल दीर्घिकेची थोड्या थोड्या वेळाची चित्रे ओळीने घेतली आणि त्या मालिकेतच एक तारा फुटून उजळू लागल्याचे टिपले गेले. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर शोधनिबंध आला. रेखांशाचे महत्त्व आपल्या संस्थांनीही ओळखले आहे. मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी लडाखमधील हानले येथे ७० सेंटिमीटरची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण उभारली, ती जगभरच्या साखळीतला भारतीय रात्रीचा दुवा म्हणूनच.

दुसरा आक्षेप इथल्या हवामानाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेलंगणाचे आकाश ढगाळ असते. चार महिने गेले तर उरते काय? आकाशाची रचना लक्षात घेतली, तर हे नुकसान वाटते तेवढे नाही. जुलै-ऑगस्टच्या रात्री आकाशात वृश्चिक, धनू आणि गरुड असतात, म्हणजे आपल्या आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा. त्यातली धूळ पलीकडच्या दीर्घिका झाकते. ढग नसते, तरी त्या दिशेला दूरच्या सर्पिल दीर्घिका फारशा दिसल्या नसत्या. तेजोमेघ आणि तारकागुच्छ पाहणाऱ्याचे पावसाळ्यात खरे नुकसान होते. दीर्घिका पाहणाऱ्याचे त्या मानाने कमी. दीर्घिकांचे दोन हंगाम बरोबर पावसाच्या दोन्ही बाजूंना पडतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात देवयानीतली एम ३१, त्रिकोणातली एम ३३, मीनेतली एम ७४ आणि दक्षिणेला एनजीसी २५३. मार्च ते मे या काळात एम ८१, कन्येतली एम १०४, एम ५१, एम १०१ आणि वासुकीतली एम ८३. आणि इथे १९ अंश अक्षांशाचा फायदा कळतो. निर्मलहून एम ५१ उत्तरेला ६२ अंशांपर्यंत चढते आणि एम ८३ दक्षिणेला ४१ अंशांपर्यंत. एनजीसी २५३ ही ४५ अंशांच्या वर जाते. लॉर्ड रॉस यांच्या बर येथून एम ८३ फक्त ७ अंश वर येते आणि चिलीहून एम ५१ ची तीच गत होते. दोन्ही गोलार्धांतल्या मोठ्या सर्पिल दीर्घिका चांगल्या उंचीवर एकाच ठिकाणाहून पाहता याव्यात, ही सोय दख्खनला आहे.

उन्हाळ्याची मात्र खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये या भागात दिवसाचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, रात्रीही जमीन आणि यंत्रे तापलेली राहतात. कॅमेऱ्याच्या संवेदकात प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे जो खोटा संकेत साठतो, तो साधारणपणे दर ६ अंशांच्या वाढीला दुप्पट होतो. त्यामुळे वसंतातल्या दीर्घिकांसाठी संवेदक थंड ठेवणारा कॅमेरा किंवा त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाच्या झाकण लावून घेतलेल्या डार्क फ्रेम्स, यांपैकी एक तरी हवेच. त्याहून मोठी अडचण प्रकाश प्रदूषणाची. तेजोमेघ ठरावीक रंगांतच प्रकाश देतात, म्हणून नॅरोबँड फिल्टर लावून शहरातूनही त्यांची चित्रे घेता येतात. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत पसरलेला असतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाशही सर्व रंगांत पसरतो. फिल्टर दोघांना वेगळे करू शकत नाही. दीर्घिकांसाठी काळोखाला पर्याय नाही, आणि महानगरांपासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या तालुक्यांकडे आज जे काही उरले आहे, ते हेच. निर्मलच्या आसपास वस्तीपासून आठ-दहा किलोमीटर बाजूला, उत्तर आणि दक्षिण क्षितिज मोकळे असलेली जागा शोधणे हे दुर्बिणीच्या आरशावर पैसे घालण्यापेक्षा जास्त फायद्याचे आहे.

तिसरा आक्षेप डोळ्यांनी पाहण्याबद्दलचा: दुर्बिणीतून दिसतो तो फक्त पुसट डाग, मग पाहायचे कशाला? याला आधी प्रकाशाचा हिशेब सांगावा लागतो. एम ३३ ची एकूण प्रत ५.७, म्हणजे कागदावर ती नुसत्या डोळ्यांनी दिसण्याच्या सीमेवर आहे. पण तो सारा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून लांब पसरलेल्या क्षेत्रावर वाटला गेला आहे. चमचाभर हळद वाटीत कालवली तर पाणी पिवळे होते आणि हंड्यात कालवली तर कळतही नाही, तसे हे आहे. दुर्बीण पसरलेल्या वस्तूचे दर चौरस कलेमागचे तेज वाढवू शकत नाही. ती वस्तू मोठी करते आणि पार्श्वभूमी काळी असेल तरच फरक दाखवते. म्हणून पाहण्याचे मोल दृश्याच्या भव्यतेवरून ठरवू नये. सप्तर्षींतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवर एम ५१ शोधणे, वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी त्रिकोण करणारी एम १०१ ओळखणे, त्या क्षेत्रात पुढे दिसणारे आपल्याच आकाशगंगेचे तारे पाठ करणे, हा सराव आहे. ज्याला क्षेत्र पाठ असते, त्यालाच एक दिवस आगंतुक ठिपका खटकतो. आठ इंची आरशातून एम ५१ चे दोन गाभे वेगळे दिसतात, दहा-बारा इंचांतून निवळ अंधाऱ्या रात्री वळणेही जाणवू लागतात. पण रॉस यांच्या चित्राएवढे दिसावे, ही अपेक्षा घेऊन बसणारा माणूस लवकर कंटाळतो.

चौथा आक्षेप छायाचित्रकारांवरच आहे आणि तो सर्वांत टोकदार आहे: ही चित्रे संगणकावर रंगवलेली असतात, त्यांना पुरावा कसे म्हणायचे? आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. दीर्घिकेचे चित्र एका क्लिकचे नसते. दोन-तीन मिनिटांची शंभरएक चित्रे घ्यायची, संवेदकाचे दोष डार्क आणि फ्लॅट फ्रेम्सनी काढायचे, मग सारी एकावर एक जुळवून सरासरी काढायची, ज्याला स्टॅकिंग म्हणतात. सोळा चित्रे एकत्र केली की संकेताच्या तुलनेत गोंगाट चौपट कमी होतो. चौसष्ट केली की आठपट. इथपर्यंतचे सारे मोजमापच आहे आणि कुणालाही ते पुन्हा करून पाहता येते. त्यानंतर उजळपणा ताणणे, रंग गडद करणे, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरून कडा धारदार करणे सुरू होते. या शेवटच्या टप्प्यात प्रतिमेत कधीही नसलेले तपशील येऊ शकतात, आणि तेव्हा आपण पुन्हा रॉस यांच्या काळातल्या अडचणीत सापडतो: काय दिसले आणि काय भरले, ते वेगळे करता येत नाही. उपाय व्हान मानेन यांच्या गोष्टीतच आहे. त्यांची चूक सुधारता आली, कारण मूळ काचा शाबूत होत्या. म्हणून नियम एकच: मूळ फाइली कधीही पुसायच्या नाहीत, प्रत्येकीवर जागतिक वेळ, स्थळ, प्रकाशनकाल, तापमान आणि साधन यांची नोंद ठेवायची, आणि भिंतीवर लावायचे चित्र वेगळे, मोजायचे चित्र वेगळे, असे दोन संच ठेवायचे. भिंतीवरच्या चित्राला कितीही रंग द्यावेत. मोजायच्या चित्राला हात लावू नये.

शेवटचा आक्षेप पैशाचा. चांगला माउंट, कॅमेरा आणि आरसा यांचा खर्च शेतकरी किंवा शिक्षक कुटुंबाला परवडेलच असे नाही. हे खरे असले, तरी दुर्बीण विकत घेणे ही या विषयात शिरण्याची अट नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये अलकनंदा नावाची दीर्घिका जगापुढे आणली. महास्फोटानंतर अवघ्या दीडशे कोटी वर्षांनी दोन ठसठशीत, समतोल भुजा असलेली सर्पिल दीर्घिका अस्तित्वात होती, हे तिने दाखवले. इतक्या लवकर चकती स्थिरावून अशा भुजा घडतील, अशी अपेक्षा नव्हती. ती मिळाली जेम्स वेब दुर्बिणीने अबेल २७४४ या दीर्घिकागुच्छाच्या दिशेने घेतलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या चित्रांतून. अबेल २७४४ शिल्पकार तारकासमूहात आहे, तिथेच एनजीसी २५३ ही आहे. निर्मलच्या दक्षिण आकाशाच्या एकाच कोपऱ्यात सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतली एक सर्पिल दीर्घिका आणि सुमारे १,२०० कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश पाठवणारी दुसरी. खुल्या संग्रहांतून शोध लावण्याची वाट हौशींनाही मोकळी आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झूमध्ये लाखो सामान्य लोकांनी दीर्घिकांचे आकार वर्गवार लावले. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या रॅड@होममध्ये भारतातले विद्यार्थी पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी वाचायला शिकतात. दुर्बीण असली, तरी ती मोठीच हवी असेही नाही. फ्रान्स-जर्मनीतल्या हौशी छायाचित्रकारांनी १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीने एम ३१ च्या शेजारी प्राणवायूच्या प्रकाशाची एक लांब कमान शोधली आणि २०२३ च्या आरंभी ती प्रसिद्ध केली. एम ३१ ही जगात सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या सर्पिल दीर्घिकांपैकी एक. तिच्या शेजारी एवढी मोठी गोष्ट तोवर कुणाला दिसली नव्हती.

मराठी वाचकाला या कामाची पूर्वपीठिका परकी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. निजामिया वेधशाळेच्या परंपरेत के. डी. अभ्यंकर यांनी उस्मानिया विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवले, आणि हैदराबादजवळच्या जपाळ-रंगापूर वेधशाळेतली ४८ इंची दुर्बीण एके काळी देशातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी होती. ही सारी केंद्रे मात्र शहरांच्या आसपास आहेत आणि शहरांचा उजेड त्यांच्याकडे सरकतो आहे. गोदावरीच्या खोऱ्यातल्या नांदेड, भैंसा, निर्मल, आदिलाबाद या पट्ट्यातून सातत्याने, तारीखवार घेतलेली दीर्घिकांची चित्रे जमू लागली, तर ती याच परंपरेचा पुढचा खंड ठरतील.

म्हणून हे पुस्तक वाचकाला एकदम शंभर दीर्घिकांच्या मागे लावत नाही. दोन हंगामांच्या मिळून दहा-बारा मोठ्या सर्पिल दीर्घिका त्यात निवडल्या आहेत. त्या प्रत्येकीचे अंधाऱ्या पंधरवड्यात एकदा, सारख्याच प्रकाशनकालाचे, प्रक्रिया न केलेले चित्र घ्यावे आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहावे, असा त्याचा आग्रह आहे. नवा बिंदू दिसला तर तो लघुग्रह आहे का, हे आधी तपासावे, संशय उरला तर दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे, आणि खात्री पटली की आंतरराष्ट्रीय नोंदवहीत कळवावे. ही पद्धत एका प्रकरणात सविस्तर दिली आहे. बहुतेक पंधरवड्यांत काहीच सापडणार नाही. त्या रात्रीही वाया जात नाहीत, कारण पुढे तारा फुटला की अमुक तारखेला तिथे काही नव्हते, हे सांगणारे चित्रच स्फोटाची वेळ ठरवते. हैदराबादच्या मोजणीदारांना आपले आकडे कुणाच्या कामी येणार, हे माहीत नव्हते. त्यांनी नोंद चोख ठेवली, एवढेच त्यांच्या हाती होते. निर्मलच्या निरीक्षकाच्या हातीही तेवढेच आहे, आणि आतापर्यंतचा पुरावा सांगतो की तेवढे पुरते.